इंदुताईंनी न खर्चलेले पैसे

अगं ए, ये इकडे. आणि तू रे, दारात काय उभा राहतोस, खुर्ची ओढ आणि बस जवळ. आज तुम्हा सगळ्या पोरांना जरा रागवायचंय. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पानं मिळालीयत, ती नुसती फराळाच्या गप्पांत कशाला घालवू? तुमच्यापैकी कुणा ना कुणाचा फोन येतच असतो, "काकू, आईला कायमचं इकडे आणायचं तर पगार किती लागतो?" पगार विचारता, इन्शुरन्स विचारता, घराला खोल्या किती हव्यात तेही विचारता. अरे बाळांनो, आईला विचारलंत का? असं म्हटलं की तिकडून आधी खाकरणं. मग हळूच, "तिला काय विचारायचं काकू, ती येणारच की!"

हे असं. म्हणून आज इंदुताईंची गोष्ट सांगते.

पण आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर नवीन आलेल्यांना वाटेल ही बाई मध्येच कुठून बोलायला लागली. मी इथे ब्लँचर्डस्टाउनला एका आयरिश सॉलिसिटरच्या ऑफिसात होते. सॉलिसिटर म्हणजे आपल्याकडचे वकीलच, पण कोर्टात कमी आणि टेबलाशी जास्त. आमच्या सॉलिसिटरीणबाई नोरा. त्यांच्या इमिग्रेशनच्या फायली लावणं हे माझं काम. वकिली मी शिकलेले नाही. शॅननला आलो तेव्हा हे विमानदुरुस्तीच्या कारखान्यात होते आणि माझं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपत होतं. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकले, मग एका ऑफिसात झेरॉक्स काढायला लागले, आणि झेरॉक्स काढता काढता कागद वाचायची खोड लागली. पुढचा प्रवास लिहीत नाही. कारकुनाच्या बढत्या वाचून कुणाचं भलं झालंय?

तर स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणजे आपल्या भाषेत जामीन. माझी आई इथे राहील, तिचं खाणंपिणं, औषधपाणी, डोक्यावरचं छप्पर सगळं माझ्याकडे, ती सरकारच्या दारात मदत मागायला येणार नाही, असं लिहून द्यायचं. लिहून देणं सोपं, दाखवणं कठीण. कर भरून हातात उरणारी मिळकत दाखवायची, तीही एका वर्षाची नाही, मागच्या काही वर्षांची. आई आणि बाबा दोघंही यायचे असले तर आकडा आणखी वर. खाजगी आरोग्यविमा काढायचा, आणि त्यातली मेख अशी की आधीपासूनच्या दुखण्याला तो विमा काही वर्षं हातही लावत नाही. तो खर्च आपल्या खिशातून. बरं, हे एकदा केलं की सुटलो असंही नाही. तुम्ही 'कायमचं' म्हणता, पण परवानगी येते वर्षाची, आणि दरवर्षी पुन्हा सगळं दाखवायचं. मी पोरांना म्हणायची, "प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागायची आठवतंय ना? आता आईच्या पुस्तकावर तू सही करायची, दरवर्षी."

माणसं पण काय काय आणायची! एकाने बँकेत पैसे जास्त दिसावेत म्हणून चार मित्रांकडून उसने घेऊन खात्यात भरले आणि स्टेटमेंट काढून आणलं. लग्नात मिरवायला दागिने मागून आणतात ना, तसं. नोराने एका नजरेत ओळखलं. "सुधा, या गृहस्थांना विचार, हे श्रीमंत नेमके परवाच का झाले?" दुसऱ्या एकाने मिळकतीचा पुरावा म्हणून सातबारा आणला. "काकू, बागायत आहे, विहीर आहे, सगळं लिहिलंय त्यात." नोराने तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "फारच सुंदर शेत असणार. पण इथल्या पगाराचं काय?"

हसून झालं तरी काही चेहरे जात नाहीत. एक नर्स होती, हॉस्पिटलात रात्रपाळ्या करणारी, दोन मुलांची आई. तिची मिळकत थोडक्यात कमी पडत होती. "नाही होणार गं," हे तिला मलाच सांगावं लागलं. तिने पर्समधून हातरुमाल काढला, डोळे पुसले आणि मलाच म्हणाली, "काकू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." अजून वाटतं.

आता इंदुताई. सुहास मी राहते त्या ल्यूकनमधलाच, दोन गल्ल्या सोडून राहणारा, आयटीतला मुलगा. बायको केतकी. दोन हजार वीसच्या सुरुवातीला त्यांना मुलगी झाली, म्हणून सुहासची आई मिरजेहून आली. इंदुताई. यायच्या होत्या बाळंतपणापुरत्या, आल्या आणि कोरोनाने विमानंच बंद पडली. सरकारने अडकलेल्या पाहुण्यांची मुदत आपणहून वाढवली, संपत आली की पुन्हा वाढवली. या देशाचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण त्या वर्षी म्हाताऱ्या माणसांना 'राहा, घाई नाही' म्हणाला हा देश, ते मी विसरणार नाही.

मात्र ती मुदत कधीतरी संपणार होती. विमानं सुरू झाली की इंदुताईंनी मिरजेला जायचं, तिथे घरात एकट्या. नवरा सुहासच्या शाळेच्या वयातच गेलेला. सुहासने मला फोन केला, "काकू, आईला पाठवायचं नाही. फाईल लावा." एरवी असा अर्ज आई मायदेशी असताना करायचा असतो. पण जाणार कशी? म्हणून नोराने तसं पत्र लिहून इथूनच अर्ज करायची मुभा मागितली आणि आम्ही कामाला लागलो.

फाईल सोन्यासारखी होती. सुहासचा पगार मर्यादेच्या वर, घर मोठं, विम्याचं पत्र तयार. राहिला एकच मुद्दा, आई मुलावर अवलंबून आहे हे दाखवायचं. नुसतं प्रेम आहे म्हणून चालत नाही. मुलगा पैसे पाठवतो आणि त्यावर आईचं चालतं, असं दिसायला हवं. सुहास पहिल्या नोकरीपासून दर महिन्याला आईला पैसे पाठवत होता, एक महिना चुकलेला नाही. मी खूश. म्हटलं, आता इंदुताईंचं पासबुक आलं की झालं. त्यांच्या शेजारणीने मिरजेत बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं आणि फोटो पाठवले.

फोटो बघून मी चहाचा कप खाली ठेवला. मुलाचे पैसे आले की दोन दिवसांत खात्यातून जात होते. कुठे? तर फिक्स डिपॉझिटला, आणि तेही सुहासच्या नावाने. पहिल्या महिन्यापासून. त्यातला एक रुपया इंदुताईंनी खर्चलेला नव्हता.

आता बघा गंमत. कागदावर ही बाई मुलावर अवलंबून तर नाहीच, उलट मुलाला श्रीमंत करणारी! अर्ज वाचणारा अधिकारी म्हणणार, हिचं तर मुलाच्या पैशांवाचून छान चाललंय, हिला इथे कशाला ठेवायचं? आयरिश माणसाला हे समजावणं अवघड. पण तुम्ही सांगा, ही चूक आपल्या आयांशिवाय कोण करेल?

सुहासला कळवलं तेव्हा त्याने आकडे दोनदा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाला, "काकू, मग ती जेवत काय होती?"

"ब्लाऊज शिवत होती रे. तूच सांगितलंस ना?"

"ते मला वाटायचं, वेळ जायला म्हणून शिवते."

मला राग आला नाही त्याचा. त्याचा आवाजच असा झाला होता, की इतकी वर्षं आपण आईला सांभाळतोय ही एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती आणि ती कुणीतरी काढून घेतली. रात्री त्याने आईला विचारलं तर इंदुताईंनी ताट बाजूला सारलं. 'अवलंबून आहे' असल्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही म्हणाल्या. "काकू, तुम्ही बघा बोलून," सुहास म्हणाला.

तेव्हा एकमेकांच्या घरात जायला बंदी होती. घरापासून ठरलेल्या अंतरात फिरायला जाता यायचं, तेवढंच. म्हणून मी आणि इंदुताई आमच्या वस्तीतल्या मैदानाला फेऱ्या मारायला लागलो, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. थंडी मी म्हणत होती. इंदुताईंच्या अंगात सुनेचं पफी जॅकेट, खाली नऊवारी नाही, साधी सहावारी, आणि पायात नातीच्या बापाचे जुने बूट. चालताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायच्या, "हॅलो, ग्रँड डे!" इथे अनोळखी माणूसही 'दिवस छान आहे' असं बोलतो, ते त्यांना फार आवडलं होतं. पाऊस असला तरी 'ग्रँड डे'.

मी विषय काढायच्या आतच त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण मला डिपेंडंट लिहिणार होय?"

"लिहावं लागतं हो."

"मी? अहो, हे गेले तेव्हा दिराच्या दारात वाटीभर साखर मागायला गेले नाही मी. मशीन होतं, हात होते. दसरा-दिवाळीला माझ्या दारात बायकांची रांग असायची, विचारा मिरजेत कुणालाही."

"मग सुहास पाठवायचा ते?"

"पोराचे पैसे ते पोराचे. उद्या नोकरी गेली तर? परका मुलूख हा."

"त्याला सांगायचं तरी, नको पाठवू म्हणून."

त्या थांबल्या. माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. "त्याला पाठवायचं समाधान होतं की ताई. ते कशाला मोडू?"

आम्ही पुढे निघालो. कोपऱ्यावर वळलो, तिथे इंदुताईंनी मान लववली आणि मोठ्याने म्हणाल्या, "हॅलो, ग्रँड डे!"

समोर कुणी नव्हतं. पोस्टाची पेटी होती. इथल्या पेट्या हिरव्या असतात, माणसाच्या खांद्याएवढ्या.

मला हसू फुटलं. "अहो इंदुताई, पत्रपेटीला कसला ग्रँड डे!"

त्याही हसल्या. पण जरा उशिरा हसल्या, आणि हसताना त्यांचा हात बाजूची भिंत शोधत होता. माझं हसू तिथेच आटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हसा की. थांबलात कशाला?"

"इंदुताई, कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं हो. समोरचं थोडं दिसतं, तेही धूसर. नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं गेलंय." मग तिथेच, भिंतीला टेकून, त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, ते घालत होत्या. एका नवरीच्या शालूच्या ब्लाऊजपिसावर कात्री वाकडी गेली, तेव्हा स्वतःच्या पैशाने नवीन कापड आणून दिलं आणि मशीनवर चादर टाकली. तेव्हापासून शिलकीवर चाललं होतं. स्वतःच्या शिलकीवर हं, डिपॉझिटला हात नाही लावला.

"सुहासला माहीत नाही?"

"सांगितलं तर तो जाऊ देणार नाही."

"आणि जाऊन काय करणार तुम्ही?"

इंदुताईंनी जॅकेटची चेन वरखाली केली. "ते अजून ठरवलं नाही की."

मी त्यांना एवढंच म्हटलं, "सुहासला मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. पण कागदावर खरं लिहिलं जाईल, नाहीतर कागद जाणार नाही. आणि कागद गेला नाही तर तुम्हाला जावं लागेल. आता बघा."

घरी येऊन मी काळजीत. बोलल्या नाहीत तर? पण दुसऱ्या दिवशी सुहासचा फोन. "काकू, तिने सांगितलं. जेवताना. म्हणाली, मला ताटातली डावी बाजू दिसत नाही रे." आपल्याकडे डाव्या बाजूला काय वाढतात? चटणी, कोशिंबीर, लोणचं. वर्षभर ती तशीच राहत होती. "आम्हाला वाटायचं तिला आवडत नाही. केतकीने वाढायची बंद केली, काकू."

मग मात्र भराभर झालं. डोळ्यांच्या हॉस्पिटलची वेळ मिळाली, तपासणी झाली, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळू, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा रिपोर्ट फायलीत आला. सुहासचा सूर होता, डिपॉझिटच्या पावत्या लावायच्याच कशाला, झाकून टाकू. नोराने मान हलवली. "झाकलं तर ते खोटं दिसेल. सगळ्यांत वर लावा. आणि त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगू दे, का खर्च केले नाहीत."

ते निवेदन इंदुताईंनी फोनवर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मी सवयीने सुरुवात केली, 'मी, खाली सही करणार...' तर म्हणाल्या, "ते तुमचं कोर्टाचं असू दे. मी सांगते ते लिहा." आणि सांगितलं, "माझ्या मुलाने पाठवलेले पैसे मी खर्चले नाहीत, कारण तोवर मला दिसत होतं. दिसत होतं तोवर मी माझं शिवून खाल्लं. आता दिसत नाही. आता मी त्याचे पैसे घेईन. मला घ्यायची सवय नाही, पण शिकेन."

लिहिता लिहिता मी पेन खाली ठेवलं. तिकडून आवाज, "लिहिलं का ताई?"

"लिहिलं."

"आणि हेही लिहा, पोराचा यात काही दोष नाही."

मी त्याचं इंग्रजी केलं आणि नोराला पाठवलं. नोराच्या 'ग्रँड'मध्ये सगळं बसतं, चहा ग्रँड, फाईल ग्रँड, कुणी गेलं तरी हळूच ग्रँड. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "यातला एक शब्दही बदलू नकोस, सुधा." ग्रँड नाही म्हणाली.

अर्ज गेला. मग वाट बघणं. या कामात वाट बघणं हाच मोठा भाग, आणि ते स्पॉन्सरला कुणी शिकवत नाही. विमानं हळूहळू सुरू होत होती. सुहासला बातम्यांत विमान दिसलं तरी तो चॅनेल बदलायचा. इंदुताई तेवढ्या शांत. देवापाशी दिवा लावायच्या, आरती करायच्या, नातीला मांडीवर घेऊन पाढे म्हणायच्या. ती पोर अजून बोबडी, पण आज्जीचं 'ग्रँड डे' आधी उचललं तिने. मी मात्र रोज टपाल बघायची, आणि त्या नर्सचा रुमाल डोळ्यांसमोर यायचा. खरं लिहिलं म्हणजे मिळतंच असं कुठे आहे? खरं लिहून हरलेल्याही फायली मी बांधल्या आहेत.

एकवीसच्या उन्हाळ्यात उत्तर आलं. परवानगी दिली, वर्षाची, पुढे दरवर्षी नूतनीकरण. ते पान कुणी वाचलं, बाई होती की पुरुष, मला कधीच कळणार नाही. पण कुठल्यातरी टेबलाशी बसून कुणीतरी ते नीट वाचलं. त्या माणसाचं भलं होवो असं मी देवापाशी म्हणते. नोराला मी रव्याचे लाडू नेऊन दिले, आणि त्याच महिन्यात निवृत्तीचं पत्रही दिलं. म्हटलं, थांबायला याहून बरी फाईल मिळायची नाही.

तोवर अंगणात बसायला मुभा झाली होती. सुहासने पुढच्या अंगणात चहाला बोलावलं. केतकीने पोहे केले होते, बाळ गवतावर लोळत होतं. इंदुताई खुर्चीत उन्हाला पाठ करून. सुहास मला पुढच्या वर्षी काय काय जपून ठेवायचं ते विचारत होता, विमा, पगाराच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं. जबाबदार माणसाचा चेहरा करून. तेवढ्यात वस्तीत आइस्क्रीमची गाडी शिरली, ती टिणटिण वाजवत येते ना, ती. गल्लीतली पोरं धावली.

इंदुताईंनी कान टवकारले. मग हात पुढे केला, तळवा वर, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "सुहास, पैसे दे रे."

सुहास बोलता बोलता थांबला. चाळिशीला आलेला बाप्या, उठून खिसे चाचपायला लागला. "किती, आई?"

"किती काय किती? पाच जणं आहोत, बघ की."

तो घरात पळाला. हल्ली सगळे कार्डवाले, नोट सापडेना. आतून कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज. केतकी म्हणाली, "अहो आई, माझ्याकडे आहेत सुट्टे," तर इंदुताईंनी हातानेच तिला थोपवलं. शेवटी सुहास धापा टाकत आला आणि आईच्या तळव्यावर नोट ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, मूठ मिटली, उठल्या, आणि दोन पावलं जाऊन मागे वळल्या.

"उरलेले परत मागू नकोस."

लेकीला कडेवर घेऊन केतकी त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती. सुहास अंगणातच उभा, डोळे पुसतही नव्हता, नुसता हसत होता.

तर पोरांनो, हे तुमच्या पगाराच्या प्रश्नाचं उत्तर नाही, ठाऊक आहे मला. ते आकडे सरकारच्या वेबसाइटवर असतात आणि बदलतात, तिथे बघा. मला आता रिकामा वेळ पुष्कळ आहे. शनिवारी साबुदाण्याची खिचडी असते आणि इंदुताई बहुतेक माझ्याकडेच असतात. आईवडील आले असतील तर त्यांना घेऊन या, नसतील तर एकटे या, फाईल घरी ठेवून या. पण या, लवकर.